करण-प्रकरण

आमच्या घरांत वाद होतात ते बहुधा भाजींतल्या मिठावरून. परंतु २०२२ सालच्या जानेवारीअखेर एक वाद झाला, तो निव्वळ शब्दावरून. एअर इंडिया ही विमान कंपनी २७ तारखेस टाटांच्या हवालीं झाली होती. दुसऱ्या दिवशीं सकाळीं वर्तमानपत्र उघडतांच आमचे वडील, ज्यांना आम्ही सर्व नाना म्हणतों, मोठ्या समाधानानें उद्गारले, “चला, ज्याचें त्याला मिळालें!” माझी मुलगी त्या वेळीं कायद्याच्या शेवटच्या वर्षाला होती. ती म्हणाली, “मिळालें कसें, आजोबा? सरकारनें विकलें आणि टाटांनीं विकत घेतलें. ह्याला खासगीकरण म्हणतात.” अर्थशास्त्र शिकविण्यांत तीस वर्षें घालविलेल्या मला गप्प बसणें शक्य नव्हतें. मीं खुलासा केला कीं, सरकारी कागदपत्रांत ह्यास धोरणात्मक निर्गुंतवणूक असें नांव आहे. नानांनीं चष्मा कपाळावर सरकविला.

“आणि १९५३ सालीं सरकारनें ती घेतली, तेव्हां काय म्हणत होते?”

“राष्ट्रीयीकरण.”

“म्हणजे घेतांनाही करण आणि देतांनाही करण!”

“आणि तिघांच्या चहाचें एव्हांना थंडीकरण झालें,” असा स्वयंपाकघरांतून आवाज आला, व वाद तेवढ्यावर मिटला.

घरांतला वाद मिटला. माझ्या मनांतला मात्र सुरू झाला. आम्हां तिघांपैकीं खोटें कोणीच बोलत नव्हतें. नानांच्या वाक्यांत इतिहास होता. १५ ऑक्टोबर १९३२ रोजीं जे. आर. डी. टाटा यांनीं कराचीहून टपाल घेऊन आपलें चिमुकलें विमान जुहूला आणून उतरविलें, तेथून ही कंपनी सुरू झाली. १९४६ सालीं ती ‘पब्लिक’ झाली, म्हणजे तिचे भाग बाजारांत लोकांना मिळूं लागले. आणि १९५३ सालीं ती पुन्हां एकदां ‘पब्लिक’ झाली, म्हणजे ते भाग लोकांकडून सरकारनें घेतले! एकाच शब्दानें सात वर्षांच्या अंतरानें दोन उलट अर्थ बिनतक्रार वाहून नेले. मुलीच्या वाक्यांत व्यवहार होता. टाटांनीं बोली केली १८,००० कोटी रुपयांची. त्यांतले २,७०० कोटी रोख, आणि बाकीचे १५,३०० कोटी म्हणजे कंपनीच्या कर्जाचा उचललेला भार. ह्याहून उरलेलें सुमारें ४६,००० कोटींचें कर्ज व इतर देणीं सरकारनेंच एका वेगळ्या कंपनीच्या नांवावर घेतलीं. नोकरांना एक वर्ष कमी करावयाचें नाहीं, दुसऱ्या वर्षीं करावयाचें झाल्यास स्वेच्छानिवृत्तीची संधि द्यावयाची, अशीही अट होती. ह्या अटी वाचल्यावर काय घडलें तें कळतें. ‘खासगीकरण’ किंवा ‘निर्गुंतवणूक’ हे शब्द कितीही वेळ न्याहाळले तरी त्यांतलें कांहींच कळत नाहीं. शब्द मोठा आणि अट बारीक. लोकांच्या तोंडीं शब्द राहतो, आणि माणसांचीं आयुष्यें ठरतात तीं अटींनीं.

शाळेंत आमच्या संस्कृतच्या गुरुजींनीं आमच्याकडून कारकें घोकून घेतलीं होतीं. करणारा तो कर्ता. ज्यावर क्रिया घडते तें कर्म. ज्याच्या साह्यानें घडते तें करण. ज्याला द्यावयाचें तें संप्रदान. ज्याच्यापासून दूर न्यावयाचें तें अपादान. आणि जेथें हें सर्व घडतें तें अधिकरण. ‘पाटलानें आपल्या वाड्यांतली विहीर गांवाला दिली’ ह्या साध्या वाक्यांत देणारा कोण, घेणारा कोण आणि वस्तु कोणती, हें शेंबड्या पोरालाही समजतें. आतां हेंच वाक्य आजच्या वळणानें लिहा: ‘विहिरीचें ग्रामीकरण झालें.’ पाटील नाहींसा झाला! त्यानें ती आपखुषीनें दिली कीं त्याच्याकडून काढून घेतली, फुकट दिली कीं पैसे मोजून घेतले, आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या दिवशीं त्या विहिरींत कोणाची घागर बुडाली व कोणाची कोरडी परत आली, ह्यांतलें कांहीं एक त्या वाक्यांत उरलें नाहीं. ‘करण’ लागलें कीं क्रिया तेवढी राहते आणि माणसें गळून पडतात.

आपल्या पूर्वजांची भाषा ह्या बाबतींत अधिक सरळ होती. संस्थान ‘खालसा’ झालें असें म्हटलें कीं तें कोणाच्या घशांत गेलें हें विचारावें लागत नसे. १८४८ सालीं साताऱ्याचें राज्य गेलें, त्याची सर्व हकीकत त्या एका शब्दांत आहे. ‘सरकारजमा’ ह्या शब्दांत घेणारा दारांत उभा दिसतो. ‘इनाम’ म्हटलें कीं देणारा धनी आणि घेणारा इनामदार, दोघेही डोळ्यांपुढें येतात. ‘मक्ता’ आणि ‘इजारा’ ह्या शब्दांत तर मुदत आणि रक्कमही गृहीत धरलेली आहे. जकातीचा मक्ता घेणाऱ्यानें ठरलेला पैसा भरावयाचा, ठरलेल्या काळापुरती वसुली करावयाची, नाका मात्र सरकारचाच. हे व्यवहार न्यायाचे होते असें माझें म्हणणें नाहीं. दुसऱ्या बाजीरावाच्या अमदानींत मामलतींचे मक्ते देऊन रयत कशी नागविली गेली हें सर्वश्रुत आहे. परंतु अन्याय झाला तरी तो कोणीं केला हें भाषा लपवीत नव्हती.

ह्या सर्व प्रकरणांतले जे दोन खांब, ‘खासगी’ आणि ‘सार्वजनिक’, त्यांचीही कुळकथा ऐकण्यासारखी आहे. ‘खासगी’ हा शब्द आमच्याकडे राजवाड्यांतून आला. राजाच्या स्वतःच्या खर्चाचें, घरगुती उत्पन्नाचें जें खातें तें खासगी. तें सांभाळणाऱ्याचें आडनांव पुण्यांत खासगीवाले झालें. होळकरांच्या राज्यांत तर राज्याची ती ‘दौलत’ आणि राणीची ती ‘खासगी’ अशा दोन वेगळ्या तिजोऱ्या होत्या. आणि गंमत पाहा! हिंदुस्थानभर जे घाट, ज्या धर्मशाळा आणि जीं मंदिरें अहिल्याबाईंच्या नांवानें उभीं आहेत, तीं ह्या खासगींतून बांधलेलीं आहेत. ज्या पायऱ्यांवर कोणीही यावें आणि स्नान करावें, त्या पायऱ्यांचा खर्च खासगी! त्याच मालमत्तेचा कारभार पाहणाऱ्या, नांवांतच ‘खासगी’ असलेल्या विश्वस्त निधीला सार्वजनिक न्यासांचा कायदा लागू आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २०२२ सालीं दिला. ज्या वर्षीं विमानें सरकारकडून खासगीकडे गेलीं, त्याच वर्षीं ‘खासगी’ सार्वजनिक ठरली.

‘सार्वजनिक’ ह्या शब्दाची वाट ह्याच्या उलट. १८७० सालीं पुण्यांत सार्वजनिक सभा निघाली आणि गणेश वासुदेव जोशी ‘सार्वजनिक काका’ झाले, त्या वेळीं सार्वजनिक म्हणजे सरकारी नव्हे, तर सरकारपुढें उभे राहून गाऱ्हाणें मांडणारे लोक, असा अर्थ होता. आज ‘सार्वजनिक क्षेत्र’ म्हणजे सरकारचें क्षेत्र. शंभर वर्षांत शब्द टेबलाच्या एका बाजूची खुर्ची सोडून दुसऱ्या बाजूच्या खुर्चीवर जाऊन बसला, आणि तो उठला केव्हां हें कोणाच्या लक्षांतही आलें नाहीं.

शब्दाचा हा प्रश्न केवळ कोशकारांचा आहे असें ज्यांस वाटत असेल, त्यांनीं महाडचें चवदार तळें आठवावें. नगरपालिकेनें १९२४ सालीं ठराव करून तें सर्वांना खुलें केलें होतें. कागदावर तळें सार्वजनिक होतें. परंतु अस्पृश्यांची ओंजळ त्यांत बुडावयाची तर १९२७ सालीं डॉ. आंबेडकरांना सत्याग्रह करावा लागला. त्यावर सवर्णांपैकीं कांहीं जण न्यायालयांत गेले, आणि त्यांचें म्हणणें काय होतें? कीं तळें खासगी आहे! हा वाद मुंबईच्या उच्च न्यायालयांत १९३७ सालीं संपला. एका विशेषणासाठीं दहा वर्षें. तेव्हां ‘सार्वजनिक’ असें म्हणण्यानें वस्तु सर्वांची होत नाहीं. कोणाची घागर बुडते हें पाहूनच तें ठरवावें लागतें.

ही गोष्ट नाना मला त्यांच्या पद्धतीनें फार पूर्वींच शिकवून गेले होते. ते १९६२ सालीं एका बँकेंत कारकून म्हणून लागले. १९ जुलै १९६९ रोजीं, शनिवारीं, १४ बँका सरकारनें घेतल्या, त्यांत नानांची बँक होती. रविवारभर घरांत चर्चा चालली कीं, आतां पगार किती, बदली कोठें, निवृत्तिवेतन मिळणार कीं कसें. सोमवारीं ते कामावर गेले तों पाटी तीच, कुलूप तेंच, आणि पान जमवून बसलेले हिशेबनीसही तेच. दहाच्या सुमारास कोपऱ्यावरचा सायकल-दुरुस्तीवाला आंत आला. त्यानें त्या बँकेची पायरी पूर्वीं कधीं चढलेली नव्हती. तो म्हणाला, “साहेब, बँक आतां आपली झाली म्हणतात. दुकानाला तीनशें रुपये पाहिजेत.” सर्व कारकून हंसले. नानाही हंसले, पण पुढें वर्षभरांत त्या माणसाला खरोखरच कर्ज मिळालें, आणि त्याचे कागद नानांनींच तयार केले. नाना अजून सांगतात, “बँक राष्ट्राची झाली ती शनिवारीं नव्हे. तो माणूस पायरी चढला, त्या दिवशीं झाली.”

कायद्यानें मात्र त्या घटनेला ‘राष्ट्रीयीकरण’ असें नांव दिलेंच नाहीं. अध्यादेशाच्या मथळ्यांत बँकिंग कंपन्यांच्या उपक्रमांचें ‘संपादन आणि हस्तांतरण’ असे कोरडे शब्द होते. टाळ्यांचा शब्द सभेसाठीं आणि कोरडा शब्द कोर्टासाठीं. आणि कोर्टांत भांडण झालें तें ह्या दोहोंवरून नव्हे, तर तिसऱ्याच शब्दावरून. १० फेब्रुवारी १९७० रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तो कायदा रद्द केला, ह्याचें एक मोठें कारण भरपाई हें होतें. चार दिवसांत सरकारनें नवा अध्यादेश काढला. पुढें १९७१ सालच्या पंचविसाव्या घटनादुरुस्तीनें ज्याची मालमत्ता घ्यावयाची त्याला द्यावयाच्या पैशांसंबंधींचा ‘भरपाई’ हा शब्दच घटनेंतून काढला आणि तेथें ‘रक्कम’ हा शब्द बसविला. भरपाई म्हटलें कीं नुकसान किती झालें हें मोजावें लागतें. रक्कम ती रक्कम. ती कितीही असूं शकते. एका शब्दाच्या जागीं दुसरा ठेवून कोट्यवधींचा तराजू कलविल्याचें इतकें स्पष्ट उदाहरण मला दुसरें माहीत नाहीं. १९७८ सालच्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीनें मालमत्तेचा मूलभूत हक्कच गेला, तेव्हां हा तंटाही निकालांत निघाला.

ज्या देशाकडून आपण हे शब्द उसने घेतले, तेथली कथा निराळी नाहीं. १ जानेवारी १९४७ रोजीं ब्रिटनमधील कोळशाच्या खाणींवर पाट्या लागल्या, त्यांचा आशय असा होता कीं ही खाण ह्यापुढें राष्ट्रीय कोळसा मंडळ लोकांच्या वतीनें चालवील. ‘लोकांची’ असें नव्हे, ‘लोकांच्या वतीनें’. पाटी लिहिणारा प्रामाणिक होता असें म्हटलें पाहिजे. तेथलाच पोलादाचा धंदा पाहा. १९५१ सालीं सरकारनें घेतला, १९५३ पासून परत विकूं लागले, १९६७ सालीं पुन्हां घेतला, १९८८ सालीं पुन्हां विकला. सासरीं-माहेरीं इतक्या फेऱ्या एखाद्या लेकीनेंही घातल्या नसतील! त्यांतला स्कन्थॉर्पचा कारखाना आपल्याला थोडा जवळचा आहे, कारण २००७ सालीं तो टाटांकडे आला. २०१६ सालीं त्यांनीं तो एका गुंतवणूक संस्थेला नाममात्र एका पौंडास दिला. २०२० सालीं तो एका चिनी कंपनीनें घेतला. आणि एप्रिल २०२५ मध्यें, भट्ट्या विझणार असें दिसतांच, ब्रिटिश पार्लमेंटनें शनिवारीं बैठक भरवून कायदा केला व कारखान्याचा ताबा सरकारकडे घेतला. मालकी त्या वेळीं चिनी कंपनीचीच राहिली. मालक एक, हुकूम दुसऱ्याचा! ह्याला राष्ट्रीयीकरण म्हणावें कीं नाहीं, ह्यावर तेथील विद्वानांचा खल झाला. भट्टीवरच्या कामगाराला ती पेटती राहिली एवढेंच पुष्कळ होतें.

‘खासगीकरण’ ह्या शब्दाच्या मूळ रूपाला पूर्वीं एक शेपूट पुढच्या बाजूस होतें. १९३० नंतरच्या दशकांत जर्मन सरकारनें बँकांतले आणि पोलादांतले आपले हिस्से विकले, त्या वेळीं तिकडे प्रचारांत होता तो ‘पुनर्खासगीकरण’ अशा अर्थाचा शब्द. पीटर ड्रकर यांनीं १९६९ सालीं आपल्या पुस्तकांत वापरला तोही ‘पुनर्’ सकटच. पुढें तें ‘पुनर्’ गळालें. हा उपसर्ग लहान असला तरी इमानी होता. वस्तु पूर्वीं कोणाची तरी होती, हें तो सांगत होता. एअर इंडियाला तो शोभला असता. परंतु १९६५ सालीं सरकारनें स्वतः स्थापिलेली, कोणाकडूनही न घेतलेली ‘बाल्को’ ही ॲल्युमिनियमची कंपनी. तिचा ५१ टक्के हिस्सा २००१ सालीं साडेपांचशें कोटींना विकला, त्यालाही शब्द तोच. घेतलेलें परत करणें आणि बांधलेलें विकणें ह्यांतला भेद उपसर्गाबरोबर गेला.

आणि आतां माझा लाडका शब्द, ‘निर्गुंतवणूक’. हा जिभेला जितका जड तितकाच मनाला हलका आहे. ‘विक्री’ म्हटलें कीं घरांत कोणी तरी विचारतो, “काय विकलें? केवढ्याला?” निर्गुंतवणूक म्हटलें कीं कोणी विचारीत नाहीं. १९९९ सालीं केंद्र सरकारांत ह्या नांवाचा विभाग निघाला. २०१६ सालीं त्याचें नामकरण झालें तें ‘गुंतवणूक आणि सार्वजनिक मालमत्ता व्यवस्थापन विभाग’ असें. काम तेंच, ‘निर्’ मात्र नाहींसें! २०१८ सालीं ‘हिंदुस्थान पेट्रोलियम’चा सरकारकडे असलेला ५१.११ टक्के हिस्सा ३६,९१५ कोटींना विकला गेला. घेणारी कंपनी होती ‘ओएनजीसी’, म्हणजे तीही सरकारीच. एका खिशांतलें पाकीट दुसऱ्या खिशांत गेलें, आणि हिशेबाच्या वहींत त्याची नोंद निर्गुंतवणूक अशी झाली. मग २०२१ सालीं रस्ते, विजेच्या वाहिन्या, रेल्वेची कांहीं मालमत्ता वगैरेंतून चार वर्षांत सहा लाख कोटी रुपये उभे करण्याची योजना जाहीर झाली. मालकी सरकारची, वापर ठराविक वर्षें दुसऱ्याचा, आणि त्याबद्दल पैसा. तिला नांव मिळालें ‘चलनीकरण’. पेशवाईतला कारकून उठून आला असता तर त्यानें कागद एकवार वाचून म्हटलें असतें, “मक्ता दिलात होय?”

आतांपर्यंत वाचकांस वाटलें असेल कीं, प्राध्यापकाला शब्दांवांचून दुसरा उद्योग नाहीं. तें बरेंचसें खरेंही आहे. परंतु मला ह्या शब्दांची अढी बसली ती पुस्तकांतून नव्हे. तिचें मूळ माझ्या धाकट्या मामांत आहे.

मामा लालबागच्या एका चाळींत राहत आणि जवळच्या गिरणींत सांच्यावर काम करीत. १८ जानेवारी १९८२ रोजीं गिरण्यांचा संप सुरू झाला. तो कसा लांबला आणि कसा विरला हें महाराष्ट्राला सांगण्याची जरूर नाहीं. दीड वर्ष मामा कधीं कोंकणांत भातशेती करीत, कधीं मुंबईंत मिळेल तें काम करीत. आमच्याकडे आले कीं आई त्यांच्या पिशवींत तांदूळ भरून देई, आणि दोघेंही तिकडे न पाहिल्यासारखें करीत. ऑक्टोबर १९८३ मध्यें सरकारनें मुंबईंतल्या १३ गिरण्यांचें व्यवस्थापन ताब्यांत घेतलें, त्यांत मामांची गिरणी होती. त्या दिवाळींत मामा पेढ्यांचा पुडा घेऊन आले. मी तेरा वर्षांचा होतों. नानांना आपला सोमवार आठवत असावा. ते उत्साहानें म्हणाले, “अहो, आतां गिरणी सरकारची, म्हणजे लोकांची झाली!” मामांनीं पेढा हातांत तसाच धरला आणि विचारलें, “भावोजी, लोकांची म्हणजे आम्हांला धरून, कीं आम्हांला सोडून?”

नानांना उत्तर सुचलें नाहीं. मला अजूनही सुचलेलें नाहीं.

वस्तुतः त्या दिवशीं गिरणी सरकारचीही झाली नव्हती. घेतलें होतें तें व्यवस्थापन. मालकी जुन्या धन्यांच्याच नांवावर होती, आणि ती सरकारकडे आली १९९५ च्या कायद्यानें, १ एप्रिल १९९४ पासून. जवळजवळ अकरा वर्षें मामा ज्या गिरणींत काम करीत होते ती धड ह्यांची नव्हती, धड त्यांची नव्हती. मामांना परत घेतलें होतें, त्यांच्या पुष्कळ सोबत्यांना घेतलें नव्हतें. पगार होई, सांचे मात्र तेच जुने राहिले, आणि दर वर्षीं खात्यांतला एखादा दिवा कमी लागे. मग २००२ सालच्या सुमारास एके संध्याकाळीं मामा एक छापील कागद घेऊन माझ्याकडे आले. मी त्या वेळीं महाविद्यालयांत शिकवूं लागलेलों होतों. कागद इंग्रजींत होता. मीं तो वाचून मराठींत सांगितला: स्वेच्छानिवृत्तीची योजना, इतकी रक्कम, इतक्या मुदतींत अर्ज. मामांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, “स्वेच्छा म्हणजे कोणाची?”

मीं मोठ्या विद्वत्तेनें सांगितलें, “स्व म्हणजे आपली. तुमची.”

“मग मला आधीं कोणी विचारलें कसें नाहीं?” असें म्हणून त्यांनीं माझ्याच पेनानें सही केली.

गुरुजींनीं घोकून घेतलेलीं कारकें मला त्या रात्रीं आठवलीं. गिरणी बांधली, चालविली, ताब्यांत घेतली, राष्ट्राची केली, बंद केली. ह्या एवढ्या क्रियापदांत मामा कोठें होते? कर्ता नव्हते. संप्रदान नव्हते, कारण त्यांना कोणीं कांहीं दिलें नाहीं. अपादानही नव्हते, कारण त्यांच्यापासून कांहीं घेतलें असें कोणत्याच कागदावर लिहिलेलें नाहीं. फार तर अधिकरण. म्हणजे ज्यांच्यावर हें सर्व घडलें ती जागा. आणि एक विभक्ति ह्या सर्वांच्या बाहेर असते, संबोधन. ‘अहो, तुमचें काय म्हणणें आहे?’ असें कोणीं तरी हांक मारून विचारणें. वीस वर्षांत तेवढी हांक त्यांना कोणींच मारली नाहीं.

२००५ सालीं सरकारी मालकीच्या पांच गिरण्यांच्या जमिनी लिलावानें विकल्या गेल्या. त्यानंतर एकदां मामा व मी लोकलनें परळावरून जात होतों. चिमण्यांच्या जागीं उंच इमारतींचे सांगाडे उभे राहत होते. मामा बराच वेळ खिडकींतून पाहत होते, मग म्हणाले, “चला, ज्याची त्याला मिळाली म्हणावयाची.” ते कोणाविषयीं बोलत होते हें मीं विचारलें नाहीं. मामांना जाऊन आतां कितीतरी वर्षें झालीं. पण नानांनीं त्या जानेवारीच्या सकाळीं नेमके तेच शब्द उच्चारले, तेव्हां माझा चहा थंड झाला तो वादामुळें नव्हे.

सरकारनें उद्योग चालवावे कीं खासगी मालकांनीं, ह्या प्रश्नाचें एकच एक उत्तर मला तीस वर्षांत सांपडलेलें नाहीं. नानांच्या बँकेनें सायकलवाल्याला उभें केलें हें मीं पाहिलें आहे, आणि मामांच्या गिरणींतले दिवे एकेक करून मालवतांनाही पाहिलें आहे. टाटांनीं विमान उडविलें हें खरें, आणि पोलादाचा कारखाना एका पौंडास दिला हेंही खरें. मालक बदलल्यानें बरें होतें कीं वाईट, हें मालकाच्या जातीवर नव्हे, तर बदलाच्या अटींवर ठरतें, एवढेंच मी वर्गांत खात्रीनें सांगतों. पण अलीकडे परीक्षेला प्रश्न काढतांना मी एक पथ्य पाळतों. ‘खासगीकरण म्हणजे काय?’ असें मी विचारीत नाहीं. एखादा व्यवहार देतों आणि लिहितों: हाच मजकूर ‘करण’ हा प्रत्यय न वापरतां, कोणीं, काय, कोणाकडून, कोणाला, केवढ्यास आणि कोणाला विचारून दिलें, हें सांगणाऱ्या साध्या मराठी वाक्यांत लिहा.

मुलें पहिल्या पांचांचीं उत्तरें भराभर लिहितात. सहाव्यापाशीं बहुतेकांची लेखणी अडते. तेथें ती अडली म्हणजे मला बरें वाटतें. मामांचा प्रश्न निदान एका वर्गापर्यंत तरी पोहोंचला, असें वाटतें.